फायली मोजता मोजता सर्व्हर थकतो तेव्हा

भिलाईच्या मरोदा सेक्टरमधून बोलतोय. मागे पोपटांचा गोंधळ ऐकू आला तर समजून घ्या, संध्याकाळची ही वेळ त्यांची असते. आणि माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावेल. तीन पिढ्या छत्तीसगडात गेल्यावर ते होणारच.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला आहे. पपेट, अ‍ॅन्सिबल, शेफ, सॉल्ट, यांपैकी काहीतरी तुम्ही वापरता. पॅकेज टाकणं, सर्व्हिस सुरू करणं, युजर बनवणं, सगळं झटपट होतं. आणि फायलींची पाळी आली की गाडी आउटरला उभी राहते. पुढे जात नाही, मागे येत नाही, कारण कुणी सांगत नाही. मग कुणी म्हणतं टूलच वाईट, कुणी म्हणतं नेटवर्क वाईट, आणि साहेब म्हणतात मोठा सर्व्हर घ्या.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. ही टूलं काय करतात? दहा, पन्नास, पाचशे सर्व्हर एकसारखे ठेवायचे असतील तर प्रत्येकावर हाताने बसून काम करता येत नाही. म्हणून आपण लिहून ठेवतो की सर्व्हर शेवटी असा दिसला पाहिजे, आणि टूल प्रत्येक मशीनला त्या वर्णनाशी जुळवतं. 1993 साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं, तिथून ही परंपरा सुरू होते. 2005 मध्ये ल्यूक केनीस यांचं पपेट आलं, 2012 मध्ये मायकेल डिहान यांचं अ‍ॅन्सिबल. नावं बदलली, मूळ कल्पना तीच राहिली: वर्णन आणि वास्तव यांची तुलना करायची, आणि फरक असेल तिथेच हात लावायचा.

हा 'तुलना' शब्द पकडून ठेवा, कारण आजचं सगळं दुखणं त्यातच आहे. आपल्याला वाटतं टूल फायली कॉपी करतंय म्हणून वेळ लागतोय. बहुतेक वेळा ते एकही फाइल कॉपी करत नसतं. ते मोजत असतं.

पपेटचंच घ्या. एखाद्या फोल्डरला तुम्ही रिकर्स हा पर्याय ट्रू केलात, म्हणजे आतलं सगळं सांभाळ असं सांगितलंत, तर त्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल पपेटच्या दृष्टीने एक स्वतंत्र रिसोर्स होते. प्रत्येकीला तेच प्रश्न: तू आहेस का, मालक कोण, ग्रुप कोणता, परवानग्या काय, आणि आतला मजकूर तोच आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग. त्याचं उत्तर द्यायला फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचून तिचा चेकसम काढावा लागतो. तोच चेकसम सर्व्हरच्या बाजूलाही मूळ फाइलीचा काढावा लागतो. म्हणजे वाचन दोन्हीकडे. वीस मशीन एकाच मुख्य सर्व्हरकडून फायली घेत असतील तर बिचारा मुख्य सर्व्हर तेच फोल्डर वीस वेळा वाचतो. आणि काही बदललेलं नसलं तरी हे सगळं होतंच. पपेटचा एजंट मूळ सेटिंगप्रमाणे दर 30 मिनिटांनी उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आता एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. रायपूरकडची एक शिक्षण संस्था, नाव सांगत नाही. तिथे गोंदियाची एक मुलगी सिस्टम अ‍ॅडमिन म्हणून लागली होती, पहिलीच नोकरी. तिचे वडील माझ्या ओळखीचे, म्हणून एके दिवशी फोन आला. "काका, आमचं पपेट बंद करायला सांगताहेत. म्हणतात त्यापेक्षा हाताने काम लवकर होतं."

मी विचारलं, "बंद करायला का सांगताहेत?"

"रन संपतच नाही. पूर्वी दहा मिनिटं लागायची, मग अर्धा तास, आता तासभर चालतं आणि मध्येच तुटतं."

"तुटल्यावर काय राहून जातं, ते बघितलंस का?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "बघून सांगते."

रात्री पुन्हा फोन आला तेव्हा आवाज बदललेला होता. झालं होतं असं. संस्थेचं एका बाहेरच्या कंत्राटदाराशी बिनसलं, काम काढून घेतलं. त्याच्या माणसांच्या एसएसएच चाव्या सगळ्या सर्व्हरवरून काढायच्या होत्या. तिने पपेटमध्ये तसं रीतसर लिहिलं, मंजुरी घेतली, साहेबांना ईमेल केला की चाव्या काढल्या. पण तो भाग कोडमध्ये शेवटी होता. पपेट मूळ सेटिंगमध्ये लिहिलेल्या क्रमाने चालतं. चाव्यांच्या आधी अभ्यासक्रमाचं फोल्डर होतं: नोट्सचे पीडीएफ, पानांचे स्कॅन, छोटी छोटी चित्रं, मिळून 40,000 च्या आसपास फायली, आणि त्या नेटवर्कवरच्या डिस्कवर. त्या मोजता मोजताच तास व्हायचा. पपेटच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एका रनला मूळ सेटिंगमध्ये 1 तासाची मर्यादा आहे. तास झाला की रन तोडून टाकतात. रन तुटायचा, अर्ध्या तासाच्या ठोक्यावर पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा त्याच 40,000 फायली, पुन्हा तुटायचा. चाव्यांपर्यंत तो कधी पोचलाच नाही. ज्यांना बाहेर काढलं त्यांचा दरवाजा अकरा दिवस उघडा होता, आणि कागदोपत्री तो बंद होता.

म्हणून सांगतो, हळू चालणारं टूल ही नुसती कंटाळवाणी गोष्ट समजू नका. रन कुठे तुटतो आणि त्याच्या पलीकडे काय पडून राहतं, हे आधी बघा.

पहिलं काम रोग शोधण्याचं नव्हतं. पहिलं काम ते दार लावण्याचं. पपेटला टॅग्ज हा पर्याय देता येतो, म्हणजे पूर्ण यादी न चालवता फक्त अमुक भाग चालव. चाव्यांचा भाग तेवढा चालवला, मिनिटभरात प्रत्येक सर्व्हरवर काम झालं. मग तिला सांगितलं, प्रत्येक मशीनवर जाऊन डोळ्यांनी बघ. फौजेत आम्ही 'आदेश दिला' आणि 'आदेश पाळला गेला' या दोन वेगळ्या ओळी लिहितो. बघून झालं, मग साहेबांना दुसरा ईमेल गेला, खरा. तो लिहायला तिला धीर लागला असणार. पण तिने लिहिला, आणि अकरा दिवसांचे लॉगही तपासले. कुणी आत आलेलं नव्हतं.

आता रोगाकडे येऊ. इथे बरेच जण अंदाजाने गोळ्या झाडतात. कुणी मेमरी वाढवतं, कुणी रनची मर्यादा एका तासावरून तीन तास करतं. ही मर्यादा वाढवणं म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फेकणं. मोजा आधी. पपेटमध्ये समराइझ नावाचा पर्याय आहे, तो रनच्या शेवटी सांगतो की कोणत्या प्रकारच्या रिसोर्सवर किती वेळ गेला. पण या मुलीचा रन संपतच नव्हता, त्यामुळे तो हिशेब छापलाच जात नव्हता. अशा वेळी इव्हॅलट्रेस हा पर्याय लावायचा. तो प्रत्येक रिसोर्स झाल्याबरोबर त्याला लागलेला वेळ दाखवतो.

तिने तो लावला आणि मला म्हणाली, "काका, यात हळू असं काहीच नाही. प्रत्येक ओळ सेकंदाच्या आतच आहे."

बरोबर आहे. गुन्हेगार ओळ सापडणार नाही, कारण गुन्हेगार एक नाहीच. हिशेब करून बघा. 40,000 फायली, प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग धरला, तर 4,000 सेकंद. म्हणजे 66 मिनिटं. ओळ बघाल तर निर्दोष, बेरीज बघाल तर तासाच्या पलीकडे. म्हणून त्या यादीत सगळ्यात मोठा आकडा शोधू नका. ओळी कोणत्या फोल्डरच्या आहेत ते बघा, आणि एकाच फोल्डरच्या किती आहेत ते मोजा. फाइंड कमांडने त्या फोल्डरमधल्या फायली मोजायला एक ओळ पुरते. बऱ्याच ठिकाणी तो आकडा कुणाला माहीतच नसतो. फोल्डर केलं तेव्हा त्यात दोनशे फायली होत्या, तेव्हा रिकर्स लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. फायली वाढत गेल्या, कोड तसाच राहिला. पपेटच्या नव्या आवृत्त्या अशा फोल्डरमध्ये हजारावर फायली निघाल्या की इशारा लिहितात, आणि मॅक्स फाइल्स ही मर्यादा घातलीत तर सरळ अडवतात. तो इशारा लॉगमध्ये पिवळ्या अक्षरांत येतो आणि पिवळं कुणी वाचत नाही, ही वेगळी गोष्ट.

इथे थोडं फौजेतलं सांगतो. विषयाला धरूनच आहे.

युनिटमध्ये हत्यारं जिथे ठेवतात त्याला कोत म्हणतात. कोतमध्ये मोजणी होते तेव्हा रायफल एकेक मोजतात, नंबर वाचून. एक रायफल कमी निघाली तर सगळी युनिट उभी राहते, कुणी जेवायला जात नाही. पण दारूगोळ्याच्या सीलबंद पेट्या असतात, त्यांचं काय? प्रत्येक पेटी फोडून आतली गोळी न् गोळी रोज मोजतात का? नाही. पेट्या मोजतात, सील बघतात, लॉट नंबर वहीशी जुळवतात. सील शाबूत तर आतलं शाबूत. फुटलेलं सील दिसलं तर ती एक पेटी मोजतात. रोज सगळ्या पेट्या फोडणारा हवालदार जास्त काळजीवाला ठरत नाही; त्याच्या हाताखाली रायफली मोजायच्याच राहून जातात.

सर्व्हरवर हेच दोन प्रकार आहेत. काही फायली रायफली आहेत. सुडोची परवानगी कुणाला, एसएसएचची सेटिंग, फायरवॉलचे नियम, क्रॉनची यादी, डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत आहे ती. यांच्यात एक अक्षर बदललं तरी तुम्हाला लगेच कळलं पाहिजे. त्या थोड्या असतात, लहान असतात, आणि त्या एकेक मोजायलाच हव्यात, दर अर्ध्या तासाने. बाकी सगळा माल पेटीतला. पीडीएफ, चित्रं, फॉन्ट, वेबसाइटचं तयार झालेलं फोल्डर, प्रोग्रामसोबत येणाऱ्या हजारो लायब्ररी फायली. त्यांना एकेक करून पपेटच्या हवाली करणं म्हणजे रोज पेट्या फोडणं.

आमच्या सिग्नल कोअरचं ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. वेगवान आणि सावध. तरुणपणी मला वाटायचं हे दोन शब्द एकमेकांचे शत्रू आहेत. वेग हवा तर चौकशी सोडा, चौकशी हवी तर वेग सोडा. पुढे लक्षात आलं की कशाची चौकशी करायची हे ठरवलं की वेग आपोआप येतो.

तर मग पेटी कशी बनवायची? सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे पॅकेज. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर आरपीएम, डेबियन-उबुंटूवर डेब. तुमच्या 40,000 फायली एका पॅकेजमध्ये बांधा, आवृत्ती क्रमांक द्या, आणि पपेटला एकच प्रश्न विचारायला सांगा: या पॅकेजची अमुक आवृत्ती बसलेली आहे का? 40,000 प्रश्नांऐवजी एक. सील फुटलंय का बघायचं असेल तर आरपीएमला व्हेरिफाय सांगता येतं, ते प्रत्येक फाइलीचा आकार, चेकसम, परवानगी नोंदीशी जुळवून फक्त फरक दाखवतं. डेबियनवर डेबसम्स नावाचं साधन आहे. हे महागडं काम रात्री एकदा करा, दर अर्ध्या तासाने नको.

पॅकेज बांधणं जड वाटत असेल तर साधा टार. फायलींचा गठ्ठा करा, नावात आवृत्ती घाला, सर्व्हरवर प्रत्येक वेळी नव्या फोल्डरमध्ये उघडा, आणि 'चालू' नावाचा सिमलिंक त्या नव्या फोल्डरकडे वळवा. टूलने फक्त दोन गोष्टी बघायच्या: त्या आवृत्तीचं फोल्डर आहे का, आणि सिमलिंक तिकडे वळलाय का. याचा आणखी एक फायदा आहे, जो मला वेगापेक्षा मोठा वाटतो. फायली एकेक करून जातात तेव्हा मधली काही मिनिटं सर्व्हर अर्धा जुना अर्धा नवा असतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी विद्यार्थी पान उघडतो. सिमलिंकने बदल एका क्षणात होतो. मागे जायचं असेल तर तोही एका क्षणात. डिस्कवर जागा दुप्पट लागते, तेवढं बघून घ्या. जुन्या दोन आवृत्त्या ठेवून बाकीच्या साफ करा.

तिसरा मार्ग आरसिंक. 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी ते लिहिलं, आणि आजही त्याला तोड नाही. ज्या फायली रोज थोड्या थोड्या बदलतात, जिथे आवृत्ती काढणं शक्य नाही, तिथे आरसिंक. ते वेगवान का? कारण मूळ सेटिंगमध्ये ते मजकूर वाचतच नाही. आकार आणि बदलाची वेळ, दोन्ही जुळले की पुढे. इथे एक खड्डा आहे आणि बरेच जण त्यात पडतात: वेळ जपून ठेवण्याचा पर्याय न लावता आरसिंक चालवतात. मग पोचलेल्या फाइलीवर आजची वेळ पडते, ती मूळ फाइलीशी जुळत नाही, आणि पुढच्या वेळी आरसिंकला सगळंच बदललेलं वाटतं. आर्काइव्ह पर्याय लावला की वेळ, परवानग्या सगळं सोबत जातं. गिटमधून ताजं चेकआउट घेऊन ते आरसिंक करणाऱ्यांना हीच गंमत दुसऱ्या बाजूने दिसते: गिट फायलींना चेकआउटची वेळ देतं, त्यामुळे सगळ्याच नव्या दिसतात.

पपेटमध्ये चेकसमच्या ऐवजी एमटाइम वापरा, म्हणजे मजकूर न वाचता फक्त वेळ बघा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. पेटीतल्या मालाला चालेल. रायफलींना कधीही नाही. फाइलीचा मालक किंवा रूट तिची वेळ टच कमांडने हवी ती करू शकतो. सुडोच्या फाइलीवर एमटाइम लावणं म्हणजे रायफलीऐवजी रायफलीचा फोटो मोजणं.

आणखी दोन सवयी, ज्या मी वारंवार बघतो. एक, रिकर्स फक्त मालक बदलण्यासाठी लावलेला असतो. वेबसाइटचं फोल्डर, त्यातल्या सगळ्याचा मालक अमुक युजर, बस इतकंच हवं असतं. त्यासाठी टूल प्रत्येक रनमध्ये आख्खं झाड चढून उतरतं. फायली तयार होतानाच योग्य युजरने तयार झाल्या तर हे काम उरतच नाही. कोण चुकीच्या युजरने लिहितंय ते शोधा. दोन, ज्या फोल्डरमध्ये तुम्हाला फक्त दहा फायली पाठवायच्या आहेत तिथेच लोकांनी अपलोड केलेल्या लाखभर फायली असतात. रिकर्स ट्रू असेल तर पपेट त्याही बघत बसतं. तिथे रिकर्सची किंमत रिमोट अशी द्या. मग ते सर्व्हरकडच्या दहा फायलींपुरतंच बोलतं, स्थानिक गर्दीकडे बघत नाही.

आता अ‍ॅन्सिबलवाल्यांकडे वळतो, ते म्हणत असतील आम्ही कुठे पपेट वापरतो. रोग तोच, कपडे वेगळे. अ‍ॅन्सिबलच्या कॉपी मॉड्यूलच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे की शेकड्यांपेक्षा जास्त फायलींचं फोल्डर कॉपी करायला हे योग्य नाही, सिंक्रोनाइझ वापरा. सिंक्रोनाइझ म्हणजे आतून आरसिंकच. लोक मॉड्यूलचं उदाहरण उचलतात आणि खालची टीप वाचत नाहीत.

इथे वेळ जातो जाण्या-येण्यात. प्रत्येक फाइलीसाठी अ‍ॅन्सिबल पलीकडच्या मशीनला विचारतं, तुझ्याकडे ही आहे का, चेकसम काय. उत्तर येतं, मग पुढची. समजा एका फाइलीला अर्धा सेकंद लागतो. 600 फायलींना 300 सेकंद, म्हणजे 5 मिनिटं. सर्व्हर 50. अ‍ॅन्सिबल मूळ सेटिंगमध्ये एका वेळी 5 मशीनवरच काम करतं, म्हणजे 10 फेऱ्या. झाली 50 मिनिटं. आता तुम्ही फोर्क्स 50 केलेत तर कागदावर 5 मिनिटं होतील, आणि तुमचा कंट्रोल सर्व्हर धापा टाकेल. तेच 600 फायलींचा एक गठ्ठा करून अनआर्काइव्हने उघडलात तर फायलींचं संभाषण 600 वरून एकावर येतं. त्या टास्कला क्रिएट्स हा पर्याय द्यायला विसरू नका. उघडल्यावर जी फाइल किंवा फोल्डर तयार होतं त्याचं नाव तिथे द्या. ते आधीच असेल तर टास्क गठ्ठ्याला हातच लावत नाही.

भिलाईकरांना हे लगेच कळतं. इथे आमच्या कारखान्यात रूळ बनतात. जुन्या 13 मीटरच्या रुळांनी 260 मीटर अंतर जोडायचं तर 20 तुकडे आणि 19 सांधे. आता 260 मीटरचा जोडलेला पट्टाच कारखान्यातून निघतो. लोखंड तेवढंच, पण लाइनवर नेऊन जोडायचे ते 19 सांधे गेले. बँडविड्थ वाढवून सांधे कमी होत नाहीत. तुमचा सर्व्हर मुंबईत असेल आणि जाऊन यायला 30 मिलिसेकंद लागत असतील, तर 40,000 वेळा नुसतं 'ठीक आहेस ना' विचारायला 20 मिनिटं जातात. लाइन 100 एमबीपीएसची घ्या की 1,000 ची, 20 मिनिटं ती 20 मिनिटंच.

अ‍ॅन्सिबलमध्ये मोजायचं असेल तर प्रोफाइल टास्क्स नावाचा कॉलबॅक चालू करा, कोणत्या टास्कला किती वेळ गेला त्याची यादी शेवटी मिळते. पाइपलाइनिंग मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. ते चालू केलं की प्रत्येक टास्कमागची एसएसएचची ये-जा कमी होते. फक्त सुडोच्या सेटिंगमध्ये रिक्वायर टीटीवाय लावलेलं असेल तर ते आधी काढावं लागतं, नाहीतर सगळंच अडेल. आणि लूप लावून एकेक फाइल पाठवणारे प्लेबुक दिसले की समजा इथे तुमचा वेळ जातोय. लूपची प्रत्येक फेरी म्हणजे मॉड्यूल नव्याने चालवणं.

त्या मुलीकडे परत येतो, कारण तुमच्यातले काही विचारतील पुढे काय झालं. तिने अभ्यासक्रमाचं फोल्डर पपेटमधून काढलं. महिन्यातून एकदा बदलणारा भाग गठ्ठा केला, आवृत्ती दिली. रोज बदलणाऱ्या नोट्स आरसिंकवर टाकल्या, रात्री 2 वाजता, वेगळ्या टायमरने, म्हणजे तो अडला तरी पपेटचा रन अडत नाही. आणि चाव्या, सुडो, फायरवॉल हा सगळा भाग कोडच्या सुरुवातीला आणला. यावर तिने मला एक चांगला प्रश्न विचारला. "काका, आता एखाद्या पोराने पीडीएफ बदलून ठेवला तर मला कळणार कसं? आधी अर्ध्या तासात कळलं असतं."

आधीही कळत नव्हतं, कारण रन संपत नव्हता. पण प्रश्न रास्त आहे. सीलबंद पेटीवर विश्वास ठेवायचा तर सील तपासणारा कुणीतरी हवा. तिच्यासाठी ठरवलं ते असं: गठ्ठा बांधतानाच सगळ्या फायलींच्या शा-256 चेकसमची यादी बनवायची, ती यादी त्या सर्व्हरवर न ठेवता दुसऱ्या मशीनवर ठेवायची, आणि आठवड्यातून एकदा रविवारी पहाटे त्या यादीवरून तपासणी चालवायची. यादी त्याच सर्व्हरवर ठेवली तर फाइल बदलणारा यादीही बदलेल. कोतची वही कोतमध्ये ठेवत नाहीत. आठवडा हे अंतर पीडीएफसाठी ठीक वाटलं. परीक्षेचे पेपर असते तर मी रोज म्हटलं असतं, आणि निकालाच्या फायली असत्या तर त्यांना रायफलींत टाकलं असतं. हा निर्णय टूल घेत नाही. संस्थेत बसून, ज्यांचा तो डेटा आहे त्यांना विचारून घ्यावा लागतो. तिने विचारला, प्राचार्यांनी वीस मिनिटं दिली, आणि कोणत्या फायली महत्त्वाच्या आहेत याची लेखी यादी संस्थेत पहिल्यांदा तयार झाली.

पपेट बंद करायचा विषय नंतर कुणी काढला नाही. रन आता दोन मिनिटांच्या आत संपतो, आणि ती रोज सकाळी रिपोर्टमध्ये एकच गोष्ट आधी बघते: शेवटपर्यंत पोचला का.

एक प्रश्न चॅटमध्ये आलाय तो घेतो आणि थांबतो. विंडोज सर्व्हरवर हेच सगळं आणखी हळू का? कारण तिथे प्रत्येक फाइल उघडताना अँटिव्हायरस मध्ये येतो आणि तिची झडती घेतो. टूल वाचतं ते एकदा, झडती दुसऱ्यांदा. म्हणून अँटिव्हायरस बंद करू नका, तसा सल्ला देणारे बरेच भेटतील. फायलींची संख्या कमी करा. झिप करून पाठवा, एकदा उघडा, आणि उघडलेल्या फोल्डरला टूलने रोज हात लावू नये एवढं बघा. तरीही अडत असेल तर रनची वेळ आणि अँटिव्हायरसच्या पूर्ण स्कॅनची वेळ एकच तर नाही ना, ते तपासा; दोन्ही पहाटे 3 ला लावलेले मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलेत.

पुढच्या वेळी बॅकअप. त्यातही फायली मोजणं आहेच. नमस्कार.